टीव्हीमुळे झालं

मोटारसायकलवरचा कॅमेरा दगडी रस्त्यावर उतरला आणि एटियेनच्या पोटात ढवळून आलं.

गेर्डाच्या कॅफेत त्या रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. तिने खास या सायकल शर्यतीसाठी भिंतभर रुंदीचा नवा टीव्ही आणला होता. चित्र इतकं लख्ख, की सायकलस्वारांच्या पोटऱ्यांवर उडालेला चिखलाचा थेंबन् थेंब मोजता यावा. एटियेनला पहिल्या रांगेत, पडद्यापासून चार हातांवर बसवलं होतं. मान त्याचाच होता. पुढे निसटलेल्या पाच जणांत त्याचा मुलगा ब्राम होता. चोवीस वर्षांचा पोरगा, एवढी मोठी शर्यत पहिल्यांदाच धावत होता.

दगड पडद्यातून उसळून अंगावर येत होते. रस्ता डावीकडे कलला की एटियेनचं डोकं उजवीकडे जायचं. कानशिलांवरून घाम ओघळायला लागला. त्याने नजर आपल्या बुटांवर खिळवली, तेव्हा जरा बरं वाटलं. पण ब्रामच्या चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष ओमेर मागेच बसला होता. त्याने खांद्यावर थाप मारली.

"खाली काय बघतोस, एटियेन? पोरगा वर आहे."

एटियेनने वर पाहिलं. नेमकं एक वळण आलं.

तो उठला, पण जमीन जागेवर नव्हती. त्याने टेबल धरलं, टेबल कललं, दोन ग्लास फुटले. दारापर्यंत तो पोचलाच नाही. दाराशेजारी मंडळाने रंगवलेला मोठा कापडी फलक उभा केला होता, त्यावर ब्रामचं नाव होतं. एटियेन त्या नावावरच ओकला.

कॅफेत फक्त समालोचकाचा आवाज उरला.

"टीव्हीमुळे झालं," एटियेन म्हणाला.

बोलता बोलताच त्याच्या लक्षात आलं की हा सूर जुना आहे. सात वर्षांपूर्वीपर्यंत पिऊन आला की तो याच सुरात सबबी सांगायचा. कधी खाल्लेले शिंपले शिळे निघायचे, कधी ऊन बाधायचं. मग एक दिवस त्याने दारू सोडली ती सोडलीच. याच कॅफेत, याच लोकांत बसून तो सात वर्षं नुसतं सोड्याचं पाणी पीत आला होता. गावाला त्याचं कौतुक होतं.

"चर्चच्या मनोऱ्यावर चढून कौलं बसवतो," मागे ओमेर कुणाला तरी हळूच म्हणाला, "आणि टीव्ही बघून याला गरगरतं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याची बायको मार्लीन काउंटरपाशी उभी होती. ती आली आणि काखेत हात घालून तिने त्याला सावरलं. हे वजन कुठे धरायचं ते तिच्या हातांना अजून आठवत होतं. ती फडकं मागायला लागली तर गेर्डाने, राहू दे, तू याला घरी ने, असं अगदी मायेने सांगितलं. त्या मायेने एटियेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार्लीन कुणाशी एक शब्दही बोलली नाही.

घरी तिने त्याचे बूट काढले, खिडकी उघडली, पलंगापाशी बादली ठेवली. सगळं पूर्वीसारखंच, त्याच क्रमाने. तिने काहीतरी विचारावं म्हणून तो वाट बघत राहिला. तिने विचारलं असतं तर त्याने शपथ घेतली असती. ती दार लोटून निघून गेली. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांच्या टीव्हीवरून त्याला कळलं की ब्रामला मागच्यांनी गाठलं आणि तो नववा आला. शेजारी टाळ्या वाजवत होते. एटियेन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

सहाच्या सुमारास ब्रामचा फोन आला. मार्लीनने तो स्वयंपाकघरात घेतला. तिने त्याचं अभिनंदन केलं, गुडघ्याची चौकशी केली, काय खाल्लंस ते विचारलं. मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती.

"बाबा झोपलेत," ती शेवटी म्हणाली.

ब्रामने लहानपणी हे वाक्य किती वेळा ऐकलं होतं त्याला गणती नव्हती. वाढदिवसांना, शाळेच्या समारंभांना, भर दुपारी. एटियेन पलंगावर उठून बसला. पोराला आताच कुणीतरी सगळं कळवलं होतं, हे उघड होतं.

तो स्वयंपाकघराच्या दारात आला, तेव्हा मार्लीनने फोन ठेवला होता आणि ती बटाटे सोलत होती.

"माझ्या तोंडाचा वास घे," तो म्हणाला. आयुष्यात कुणाकडे काही मागताना त्याला इतकं खाली बघावं लागलं नव्हतं.

"नको."

"घे, मार्लीन. आणि मग पोराला सांग."

"वास कशाला घ्यायचा? तू प्यायला नव्हतास. मला माहीत आहे."

एटियेनला तिथली खुर्ची ओढून बसावं लागलं. छातीवरचा दगड उतरतोय असं वाटलं, आणि लगेच दुसरंच काहीतरी टोचलं. माहीत होतं, तर तिथे, सगळ्यांसमोर ती का बोलली नाही, असं त्याने विचारलं.

मार्लीनने सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. तीस वर्षांच्या संसारात त्याने तिला असं कधी पाहिलं नव्हतं. ओले हात पुसून तिने फोन उचलला आणि नंबर लावला.

"ब्राम, बाबा झोपलेले नाहीत. माझ्यासमोर बसलेत. ते प्यायले नव्हते, त्यांना टीव्हीनेच गरगरलं. हो, नक्की."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मार्लीन नवऱ्याकडे न बघता खिडकीकडे बघत राहिली.

"कसं म्हणजे?" ती म्हणाली. "सात वर्षं त्यांचा प्रत्येक ग्लास मी त्यांच्या नकळत आधी चाखते. आज दोनदा चाखला."