सासुरवाडीचे गोल

गंगाखेडात पाच गोल खाऊन पालमची फुटबॉल टीम एसटीनं परत निघाली. मागच्या सीटवर चाहत्यांची चर्चा पेटली.

"आपला गोलकीपर फितूर झाला."

"न्हाई, त्याला कमी दिसायलंय."

पुढं बसलेल्या गोलकीपर नागसेनला राहवलं नाही. "पाचही गोल माझ्या मेव्हण्यानं मारले. अडवले असते तर माझ्या बायकोनं, सुकेशनीनं, मला घरात घेतलं असतं का?"

चाहत्यांतले म्हातारे लिंबाजी म्हणाले, "पोराचं खरं हाय. पुढची मॅच मानवतला हाय. तिथली सासुरवाडी कुणाकुणाची?"

कॅप्टनसकट सहा हात वर झाले.

"ह्यांना बसवा. बाकीचे खेळतील."

तेवढ्यात टीममधला योगीराज लाजत उठला. "काका, मला बी बसवा. रविवारी मानवतला पोरगी बघायला जायलोय."