एकवीस हिरव्या खुणा

"हिरवं झालं का सगळं?" वडिलांनी पलंगावरून विचारलं.

"झालं. एकवीसच्या एकवीस." तिनं फोन त्यांच्या हातात दिला आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागली.

फोनवरच्या नकाशात घरामागची टेकडी होती आणि तिच्या पश्चिम उतारावर एकवीस खुणा. एकेक खूण म्हणजे एकेक रोप. पाणी घातलं की तिथल्या तिथे खुणेवर बोट ठेवायचं. खूण हिरवी होते. चार दिवसांनी पिवळी, आठवड्यानं लाल. उघडीबोडकी टेकडी वीसेक माणसांनी उतार वाटून घेऊन झाडांनी भरायला घेतली होती, आणि जन्मभर जमिनींची मोजणी केलेल्या वडिलांनी हा नकाशा त्यांना बिनचूक करून दिला होता.

वडिलांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. एकेक खूण दाबून सावकाश पाहिली. मोजणीदाराची सवय.

"दमलीस का गं चिमणे?"

"छे. चढ तो केवढासा."

"केवढासा? माझी तर तिथे जीभ बाहेर यायची." त्यांची नजर तिच्या बुटांवर गेली. तळांना काळी माती लागली होती. ते थोडा वेळ पाहत राहिले. "बूट दाराबाहेर काढत जा. तुझी आई असती तर फरशीबरोबर तुलाही धुतलं असतं."

ती हसली. ती माती जिन्यातल्या कुंडीतली होती.

दोन महिन्यांपूर्वी ती खरंच टेकडीवर गेली होती. परत आली तेव्हा वडील न्हाणीघराच्या दारात पडलेले होते. तासभर तसेच. त्यानंतर त्यांना एकटं सोडायची तिची छाती होईना. वडील मात्र ऐकायला तयार नव्हते.

"मी काय तान्हं बाळ आहे? जा तू. रोपं वाट बघतात."

"प्लंबरकाकांना सांगू का? त्यांचा उतार शेजारीच आहे."

"आपलं ओझं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नाही. आणि ती रोपं वाळली, तर मी इथे पडल्या पडल्या काय बघायचं? छत?"

मग दर चार दिवसांनी ती बूट घालायची, कॅन उचलायची, दार लोटून घ्यायची आणि जिन्याच्या पहिल्या वळणावर बसायची. दीड तास. तिथून आतला खोकला ऐकू येई. खोकला थांबला की ती उठून दाराला कान लावी. मग एकवीस खुणांवर बोट ठेवून, बुटांना माती फासून परत आत.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रोपांच्या केव्हाच काड्या झाल्या असतील, हे तिला कळत होतं. आज सांगू, उद्या सांगू असं दर वेळी ठरायचं, आणि नकाशा पाहताना वडिलांचा चेहरा असा निवायचा की सांगायचं राहूनच जायचं.

नकाशा पाहून झाला की त्यांचं ठरलेलं असे. "आता माझा फोन दे. आणि तू चहा टाक."

स्वयंपाकघरात तिला त्यांचं हलकं बोलणं ऐकू येई. कधी हसणंही.

"कुणाशी बोलता हो एवढं?" तिनं एकदा विचारलं.

"आहे एक मित्र. माझी मुलगी किती गुणाची आहे, त्याच्या बढाया मारतो."

चहा उतू गेला. तिनं ओटा पुसला, परत पुसला.

शेवटच्या आठवड्यात त्यांच्यानं फोन धरवेना. तिनंच तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"हिरवं?"

"हिरवं."

"शहाणी माझी," ते म्हणाले, आणि तिच्या हातावर दोनदा थोपटलं. दोन दिवसांनी ते गेले.

भेटायला येणारे येऊन गेले. घर रिकामं झालं. तेव्हा ती कुदळ घेऊन टेकडीवर निघाली. वाळक्या काड्या उपटायच्या आणि सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

उतारावरची माती पांढरी होती, खडूसारखी; हे ती विसरूनच गेली होती. चार पावलांत बूट पांढरे झाले. ती थांबली, बुटांकडे पाहिलं, आणि पुढे चालू लागली.

पहिलं रोप हिरवं होतं. दुसरंही. तिसऱ्याला नवी पालवी होती. बुंध्याभोवतीच्या आळ्यांत ओल होती. तिनं रोपं मोजली. एकवीस. पुन्हा मोजली.

खालून प्लंबरकाका दोन्ही हातांत कॅन घेऊन धापा टाकत येत होते.

"आलीस का?" ते म्हणाले. "धर हा एक. हात तुटायची वेळ आली."

"काका, मी इथे आलेच नाही." तिनं कॅन धरला नाही. "दोन महिने. नकाशावर खोटंच हिरवं करत होते. बाबांना फसवलं मी."

त्यांनी कॅन खाली ठेवले. हात विजारीला पुसून फोन काढला आणि एक खूण दाबली. खाली तारखांची रांग उघडली. प्रत्येक तारखेपुढे एक निळा ठिपका: बोट ठेवलं तेव्हा फोन कुठे होता तो. तिनं ही रांग कधी उघडलीच नव्हती. गेल्या दोन महिन्यांतला एकही ठिपका टेकडीवर नव्हता. सगळे तिच्याच घराच्या छपरावर, एकमेकांना चिकटून बसलेले.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला कसलं माहीत? नळ सोडून मला ओ की ठो कळत नाही. कुठे दाबायचं तेही तुझ्या बाबांनीच सांगितलं. त्यांचा फोन यायचा, दर चार दिवसांनी. तू चहा टाकायला गेलीस की."

"काय म्हणायचे?"

प्लंबरकाकांनी टोपी काढली.

"म्हणायचे, 'पोरगी आजही माझ्यापाशीच थांबली होती. तेवढं पाणी घालून या.'"