सिद्धेशचं आरमार

निहारबरोबर खेळ बनवायचा म्हणजे रोजचं भांडण. आमच्या अंतराळयुद्धात कॅरम बोर्ड हे अंतराळ होतं आणि सोंगट्या ही जहाजं. जहाज कुठून कुठे गेलं ते पावडरीतल्या रेघेवरून कळायचं, म्हणून घाटकोपरच्या त्या भर दुपारीही त्यानं पंखा बंद ठेवला होता.

सत्ता तीन होत्या. माझी, त्याची आणि सिद्धेशची. सिद्धेश मार्चमध्ये गेला, पण त्याचं आरमार आम्ही तसंच मांडायचो.

"आता पुरे, स्वरदा. मेलेल्या माणसाला जहाजं कशाला?" निहार म्हणाला आणि त्यानं सिद्धेशच्या सगळ्या सोंगट्या एकेक करून कोपऱ्यातल्या पॉकेटमध्ये ढकलल्या.

"तुला हक्क कोणी दिला रे?" मी ओरडले.

"खेळ आहे यार. रडू नको."

सोंगट्या परत काढायला मी जाळीत हात घातला. जाळी रिकामी होती.

"नाटकं बंद कर," असं म्हणत निहार वाकून बोर्डाखाली शोधायला लागला.

तेवढ्यात त्याच पॉकेटमधून पावडरीत एक रेघ उमटत आली. मग दुसरी, मग तिसरी. एकाही रेघेपुढे सोंगटी नव्हती. रेघा निहारच्या ठाण्यापर्यंत गेल्या, पण थांबल्या नाहीत. लाकडी कड ओलांडून त्या त्याच्या बाजूला उतरल्या.

निहार उठून बसला. "कुठे लपवल्यास?"

त्याच्या काळ्या टी-शर्टवरून पांढऱ्या रेघा सरळ गळ्याकडे चढत होत्या.

मी त्याला सांगितलं नाही.