दोनदा नोंदलेली गाय

दुष्काळात सहकारी संस्थेच्या छावणीत केशर जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक टॅबवर टाकायची. मालकाचं नाव दिसलं की चारा मिळायचा. आठवडाभर नाव यायला दोन-दोन मिनिटं लागत होती. “मुद्दाम उशीर लावतीस. तुज्या पाली गावच्यांना आदी चारा!” राधाकिसनमामा रांगेतून रोज म्हणायचे. केशरने कारण शोधलं. टॅब दरवेळी सगळी यादी पहिल्यापासून वाचत होता. क्रमांक लगेच सापडावा म्हणून तिने क्रमांकांची क्रमवार सूची बनवायला घेतली, पण काम अडलं. सत्तर क्रमांक दोनदा नोंदले होते. प्रत्येकाची दुसरी नोंद संस्थेच्या चेअरमनच्या नावावर होती. “ऱ्हाऊ दे, हाय तसंच चालू दे,” मागून चेअरमन म्हणाले. केशरने टॅब रांगेकडे फिरवून त्या सत्तरांतला पहिला क्रमांक दोन्ही मालकांच्या नावांसह मोठ्याने वाचला. राधाकिसनमामांनी आपल्या गाईचा कान धरून बिल्ला दाखवला. “चेअरमनसाहेब, माजी ही हाय. आता तुमची आना.”