सीटची उंची

गिरीधर गेल्याला महिना झाला तेव्हा त्याच्या सायकल क्लबचे मित्र चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या घरी त्याची इटालियन सायकल बघायला आले. चाळीस वर्षांपूर्वीची ती पोलादी फ्रेम, तिचे नक्षीदार सांधे ते बोटांनी चाचपत, हळू आवाजात वाखाणत होते. नंदिता नुसती उभी होती. नवरा गेल्यापासून तिला रडू आलं नव्हतं, भूकही कळत नव्हती. “अक्का,” त्यांच्यातल्या शेषाद्रीनं विचारलं, “गिरीधर सहा फुटांचा. सीट इतकी खाली कशी?” “ठाऊक नाही.” मग तिला आठवलं. शेवटच्या रविवारी त्यानं तिला भिंतीशी उभं करून टेपनं तिच्या पायाचं कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं होतं. साठीत हे कसलं खूळ, म्हणून ती रागावली होती. शेषाद्रीनं सीट वर घ्यायला पाना काढला. नंदितानं त्याचा हात अडवला. “असू दे. उद्या मरीना बीचवर येशील? मी शिकताना सायकल मागून धरायला कुणीतरी हवं.”