डावा हात

बाईंनी प्रश्न विचारला आणि सहावीच्या वर्गात चौतीस हात एकदम वर गेले. एकही कमी नाही. मागच्या बाकावर बसलेल्या तपासणीच्या साहेबांच्या भुवया उंचावल्या. इतका हुशार वर्ग त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा.

खरी गंमत साहेबांना ठाऊक नव्हती. उजवा हात वर म्हणजे उत्तर येतं, डावा वर म्हणजे येत नाही. बाईंनी फक्त उजव्यांनाच उठवायचं. युक्ती मुख्याध्यापकांची, आणि आजवर एकदाही फसलेली नव्हती. मुलांना ती पाढ्यांपेक्षा पक्की येत होती. शिवाय आजचा पाठ काल आणि परवा असा दोनदा घोटून घेतलेला. विषय फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिला होता : योग्य काय, अयोग्य काय, हे कसं ठरवावं?

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. लाजही वाटत होती. पण सात वर्षं त्या हंगामी होत्या. दर वर्षी नेमणुकीचं पत्र येईपर्यंत जीव टांगणीला. आज साहेबांनी चांगला शेरा दिला की नोकरी कायम होणार होती.

"मैत्रीण परीक्षेत कॉपी करताना दिसली, तर काय कराल?" बाईंनी पुन्हा विचारलं आणि पहिल्या रांगेतल्या एका उजव्या हाताला उठवलं. त्याने पोपटासारखं घडाघडा सांगितलं.

"बाई, जरा थांबा," मागून साहेब म्हणाले. "ही माझ्याशेजारची मुलगी मघापासून हात ताठ धरून बसली आहे. तिलाही विचारा की."

ती चिमणी होती. आवाज बारीक म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणायचे. तिचा डावा हात अजून वर होता, सांगितल्यासारखा, अगदी सरळ.

चिमणी उभी राहिली. फळ्यावरच्या अक्षरांकडे बघत राहिली.

"येत नाही?" साहेबांनी विचारलं. "मग हात कशाला वर केलास?"

दारात उभे असलेले मुख्याध्यापक उगाच खाकरले. 'मीच सांगितलं होतं तिला.' चारच शब्द. बाईंच्या अगदी ओठांवर आले होते, पण बाहेर पडेनात.

चिमणीने एकदा बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "सगळ्यांनी केला म्हणून मीपण केला, सर. माझी चूक झाली."

"येत नसताना येतं असं दाखवायचं? ही फसवणूकच झाली," साहेब म्हणाले. "बाई एवढ्या जीव तोडून शिकवतायत आणि तू हे करतेस! तास संपेपर्यंत उभी राहा."

चिमणी उभी राहिली. तिचे कान लालबुंद झाले होते. एरवी कोणाला शिक्षा झाली की वर्ग खिदळायचा. आज तेहतीस मुलं चिमणीकडे नाही, बाईंकडे बघत होती. उरलेली पंधरा मिनिटं बाईंनी कशीबशी रेटली. मागच्या बाकाकडे त्यांनी नजर म्हणून टाकली नाही.

घंटा झाली. "उत्तम पाठ!" जाता जाता साहेब म्हणाले. "चहा घेतो आणि तसा शेरा लिहून टाकतो." त्यांच्या मागून जाणारे मुख्याध्यापक बाईंपाशी क्षणभर थांबले. "जिंकलात, बाई. पोरीने लाज राखली हो."

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. बाई फळा पुसायला वळल्या, तर मागे चिमणी उभी. रडवेली असेल असं त्यांना वाटलं होतं. पण पोरीचा चेहरा नुसता फुलला होता.

"बाई, मी तुमचं नाव नाही घेतलं," ती कुजबुजली. "एकदासुद्धा नाही. बरोबर केलं ना मी?"

ती शाबासकीची वाट बघत होती. बाईंचा हात तिच्या पाठीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. व्हरांड्याच्या टोकाला ऑफिसचं दार उघडं होतं. साहेबांनी कप बाजूला ठेवला होता आणि ते खिशातलं पेन शोधत होते.

बाईंनी डस्टर टेबलावर ठेवलं. "चल, ऑफिसात जाऊ. हाच प्रश्न साहेबांना विचारू."

चिमणीचा चेहरा पार उतरला. "तुमचं नाव घेऊन?"

"ते मी घेते," बाई म्हणाल्या. "तू फक्त दारापर्यंत सोबत चल."