सध्याचा पत्ता

"दोन्हीला एकदम हात नाही लावायचा, बाळा. आधी हे आत जाईल, मग दुसरं बाहेर येईल. दुकानाचा नियम आहे."

काउंटरपलीकडच्या नोरीनबाईंनी पिस्तूल काचेच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि दुसरं काढायला तेच कुलूप पुन्हा उघडलं. मार्लिसने दात आवळले. दुसरं मात्र हातात छान बसलं. चाप कितपत जड आहे ते बघायला तिने बोट पुढे केलं.

"अंहं! चाप नाही ओढायचा."

"मग घेऊ कसं? नुसतं बघून?"

"मी तरी काय करू? नियम वरून येतात. माझ्या हातात असतं तर एव्हाना तू घरी असतीस."

घरी! घरातून पळाली म्हणून तर मार्लिस इथे उभी होती. तिचा नवरा वेंडल तिला गावोगाव शोधत होता. ती कामाला होती त्या बेकरीत जाऊन, सापडली की जिवंत सोडणार नाही, असं हसत हसत सांगून आला होता. पोलीस म्हणाले, त्याने काही केलं की कळवा. म्हणजे मेल्यावर कळवायचं! चार गावं पलीकडे एका मैत्रिणीच्या तळघरात ती राहत होती आणि दाराला कपाट लावून झोपत होती.

केंटकीत बंदूक किराण्यासारखी मिळते म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा घेऊन बघावी. सकाळच्या दुकानात मैत्रीण सोबत होती. ती सहज बोलून गेली, "आम्हाला हलकं दाखवा." झालं! आम्हाला म्हणजे नक्की कुणाला? एकीच्या नावावर दुसरीच घेतेय, असा मालकाला वास आला आणि त्याने दोघींना बाहेर काढलं. म्हणून मार्लिस इथे एकटी आली, तर नंबर घेऊन बसा. किल्लीवाली जेवायला गेलीय, बसा. मोबाइल खिशात ठेवा. वेंडलच्या उशाशी तीन बंदुका होत्या, त्याला कुणी बसा म्हटलं नसेल.

"हेच द्या," ती म्हणाली.

नोरीनबाईंनी तिचं गाडी चालवायचं लायसन्स हातात घेतलं. "याच पत्त्यावर राहतेस ना?"

"नाही. जागा बदललीय."

"मग सध्याच्या पत्त्याचा सरकारी कागद लागेल, गाडीची नोंदणी वगैरे. विजेचं बिल नाही चालत हं."

"अहो, माझ्या नावावर काहीच नाहीये! गाडीसुद्धा नवऱ्याच्या नावावर आहे." मार्लिस रडवेली झाली. "एक तरी नियम माझ्या बाजूचा आहे का तुमच्याकडे?"

सगळं सांगून टाकावं असं तिला वाटलं. पण मागे रांगेत माणसं होती, आणि नवऱ्याचा मार चारचौघांत सांगायची तिला अजून लाज वाटत होती. ती नुसतीच रडली.

नोरीनबाईंना राहवलं नाही. "अगं, रडू नकोस. बस इथं. बघते मी काय करता येतं ते." तिच्या हातात कॉफीचा कप देऊन त्या लायसन्ससकट आतल्या खोलीत गेल्या.

दिवसभरात पहिल्यांदाच कुणी तिला 'नाही' म्हटलं नव्हतं. मार्लिसने डोळे पुसले. कॉफी गोड होती. किती दिवसांनी तिने पाठ भिंतीला सैल टेकवली.

नोरीनबाई हसतच बाहेर आल्या.

"झालं बघ तुझं काम! गिऱ्हाइकाच्या घरी फोन करायचा नाही, असा एक नियम आहे आमचा. म्हटलं, खड्ड्यात गेला नियम, एवढी रडतेय पोर! लायसन्सवरच्या पत्त्याचा नंबर आमच्या दुसऱ्या शाखेत होता, तुझे मिस्टर तिथलं जुनं गिऱ्हाईक निघाले. म्हणाले, कागद घेऊन मीच येतो, तोवर तिला कुठं जाऊ देऊ नका."